धनी एक झाले. चाकरांनी काय करावे?

बाजारात कांदा घेऊन जाणाऱ्या मिरजगावच्या कुणब्यास अर्थशास्त्र शिकवावे लागत नाही. बोली लावणारे पाच असले तर भाव चढतो; तेच पाच आतून एक झाले तर माल तोच, मेहनत तीच, पण भाव घेणारा म्हणेल तो. दूरचित्रवाणीच्या धंद्यात आज हेच घडत आहे, आणि तिकडे आमच्या बहुजनसमाजाचे लक्ष नाही.

ता. 14 नोव्हेंबर 2024 रोजी रिलायन्स व डिस्ने या बड्या कंपन्यांनी हिंदुस्थानातील आपला प्रसारणाचा व्यवहार एकत्र केला. त्याची किंमत धरली 70,352 कोटी रुपये! कालपर्यंत एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या 'स्टार प्रवाह' व 'कलर्स मराठी' या वाहिन्या त्या दिवशी एका घरात गेल्या. मार्च 2025 मध्ये नव्या कंपनीतून सुमारे 1,100 माणसे कमी होत असल्याचे वृत्तपत्रांत आले. कचेरी एक झाली, मग हिशेबनीस दोन कशास, असा हा हिशेब.

ज्यांची चाकरी टिकली तेही सुटले नाहीत. कॅमेरा, दिवे, संकलन ही कामे शिकून मुंबईस गेलेल्या खेड्यातील पोरास एका दारी पटले नाही तर दुसरे दार ठोठावता येई. "पलीकडे जास्त देतात," हे एक वाक्य त्याचे हत्यार होते. दोन्ही दारांमागे एकच धनी बसला की ते हत्यार बोथट झाले.

ऑगस्ट 2024 मध्ये स्पर्धा आयोगाने संमती दिली, ती कंपन्यांकडून काही गोष्टी कबूल करून घेऊन: काही वाहिन्या विकाव्यात, क्रिकेटच्या जाहिरातींचे दर अवाजवी वाढवू नयेत. जाहिरातदाराची एवढी काळजी! चाकराच्या पगाराविषयी मात्र अशी एकही अट आमच्या वाचनात नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधु' चालविला, तसाच 1884 साली गिरणीकामगारांचा संघही काढला. 1890 साली रविवारची सुटी मिळाली ती त्या झगड्याने. मालकांच्या दयेने नव्हे. म्हणून पडद्यामागे राबणाऱ्या बांधवांस आमचे सांगणे आहे की, संघ करा, करार लेखी मागा, आणि पुढे असा व्यवहार मंजूर होण्यापूर्वी चाकरांचेही म्हणणे ऐकले जावे, असा आग्रह धरा. धनी एक होऊ शकतात, तर चाकरांस कोणी अडविले आहे?