नोंदवहीला रकाने किती?



हल्ली मोबाइलवर अशी ॲप मिळतात, की ज्यांत आपण दिवसभरात काय खाल्ले आणि पोट कधी दुखले, अंगावर पित्त कधी उठले, डोके कधी ठणकले याची रोज नोंद करता येते. महिनाभराने ॲप सांगते, की अमुक पदार्थ तुम्हाला सोसत नसावा. नोंद ठेवणे ही विज्ञानाची पहिली पायरी होय. तेव्हा या ॲपना सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ॲपने एखाद्या पदार्थाकडे बोट दाखवले, की तो ताटातून काढून टाकायचा, ही घाई मात्र विज्ञानाला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदींतून मोठे शोध लागतात, हे खरेच. हॉलंडमधील हेग शहरात विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे येणाऱ्या काही मुलांना सतत जुलाब होत, पोट फुगे आणि वजन वाढतच नसे. डिके त्यांच्या आहाराची आणि वजनाची नोंद ठेवीत. गव्हाविषयी त्यांना संशय होताच. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तेथे पाव मिळेनासा झाला, आणि ही मुले सुधारली! पाव परत आला, तसा आजारही परतला. १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा दोष मांडला. या रोगाला सीलिॲक म्हणतात. गव्हातील ग्लूटेन हे त्याचे कारण. आपल्या ज्वारीत ग्लूटेन नसते. म्हणून गिरणीत गव्हाचे पीठ मिसळले नसेल, तर अशा रुग्णाला भाकर चालते.

आता डिके यांचे यश कशात होते, ते पाहा. पदार्थ देणे, बंद करणे आणि पुन्हा देणे, अशा तीनही वेळी काय घडते हे त्यांनी तपासले. नुसत्या नोंदीवर ते थांबले नाहीत.

नुसती नोंद कशी फसवते, हे एका हिशेबाने कळेल. समजा, ३० दिवसांत ६ दिवस तुमचे पोट दुखले. त्यांपैकी ५ दिवशी तुम्ही तुरीचे वरण खाल्ले होते. ‘सहांपैकी पाच वेळा वरण! म्हणजे वरणच दोषी,’ असे वाटेल. पण थांबा. पोट न दुखलेल्या २४ दिवसांपैकी २१ दिवशीही तुम्ही वरण खाल्लेच होते! वरण खाल्लेल्या २६ दिवसांत ५ वेळा पोट दुखले, न खाल्लेल्या ४ दिवसांत १ वेळा. म्हणजे शंभरात अनुक्रमे सुमारे १९ आणि २५. या आकड्यांवरून वरणावर आरोप ठेवता येत नाही. जे रोज पानात असते, ते प्रत्येक दुखण्याच्या वेळीही हजर असते, एवढेच.

याहून मोठी अडचण आहे ती रकान्यांची. ॲप विचारते, ‘काय खाल्ले?’ साहजिकच उत्तरही खाण्यातच सापडते. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा अनुभव आठवा. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. मळमळ, ओकाऱ्या, पोटदुखी, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी ही अशा विषबाधेची लक्षणे आहेत. यांतील पहिली तीन तर शिळे अन्न खाल्ल्यानेही होतात. पण विष जेवणातून आले नव्हते. ते श्वासावाटे आणि त्वचेवाटे शरीरात शिरले होते. ज्या नोंदवहीत ‘आज शेतात फवारणी होती का?’ असा रकाना नाही, ती बिचाऱ्या भाकरीलाच दोष देईल.

दुसरे उदाहरण पाण्याचे. पांढरकवडा, झरी-जामणी या भागांतील काही विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणापासून प्यायल्याने दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे-सांधेही दुखू लागतात. हे तीस दिवसांच्या नोंदीत दिसेल काय? मुळीच नाही. पाणी रोज तेच, त्यामुळे तुलनेला ‘पाण्याविना’ दिवसच नाही. शिवाय परिणाम दिसायला वर्षे लागतात. तेथे पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच तपासावा लागतो.

मग नोंद ठेवायचीच नाही का? अवश्य ठेवा. ॲप नसेल तर साधी पेन्सिल आणि जुनी वहीही पुरते. मात्र खाण्याबरोबर पाणी कोठले, झोप किती, औषध कोणते, परीक्षा होती का, फवारणीच्या शेताजवळून गेलात का, हे रकानेही आखा. बरे वाटलेल्या दिवसाची नोंद दुखण्याच्या दिवसाइतकीच महत्त्वाची माना. आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. ‘कधीकधी दुखते’ या शब्दांपेक्षा तारखांचा तक्ता त्यांना कितीतरी अधिक सांगतो. एक पदार्थ थांबवून पाहायचा आणि पुन्हा द्यायचा, तो प्रयोगही त्यांच्याच सल्ल्याने व्हावा. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर नोंद करीत बसू नका. ताबडतोब मोठ्यांना सांगा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

हा आग्रह कशासाठी? तुमचे वय वाढीचे आहे. एका चुकीच्या निष्कर्षापायी दूध, डाळ, शेंगदाणे पानातून गेले, तर प्रथिने आणि कॅल्शियम यांची उणीव शरीराला सोसावी लागेल. दूध काहींना खरोखरच पचत नाही, कारण त्यातील लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर त्यांच्यात कमी असते. पण त्यांतील पुष्कळांना दही चालते, कारण दही लागताना जिवाणू त्या साखरेचा काही भाग खर्चून टाकतात. म्हणजे खरे कारण सापडले, तर सारेच सोडावे लागत नाही.

तेव्हा मित्रांनो, यंत्राने उत्तर दिले तरी प्रश्न विचारणे सोडू नका. त्याने काय नोंदवले हे जरूर पाहा, पण काय नोंदवलेच नाही, हे आधी विचारा.