खिडकीचा जीर्णोद्धार

भोपाळच्या चार इमली या वसाहतीत मंत्र्यांची व वरिष्ठ शासकीय अधिकाऱ्यांची निवासस्थाने आहेत. चार चिंचांचे नाव मिरविणारी ही वसाहत अद्याप वृक्षांच्या सावलीत उभी आहे, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु तेथील जुन्या बंगल्यांच्या, आणि भोपाळातील त्याच वयाच्या कितीतरी घरांच्या, लाकडी खिडक्यांची आज जी दशा होत आहे ती पाहून आम्हांस चार कठोर शब्द लिहिणे भाग पडले आहे. "पावसाळ्यात खिडकी लागत नाही" ही तक्रार, आणि "काढून टाका, ॲल्युमिनियमची बसवा" हा तिच्यावरचा सर्वमान्य उपाय! रोगाचे निदान कोणी करीत नाही. रोग्याची तिरडी मात्र लगोलग बांधली जाते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. जुन्या राज्याची राजधानी नागपूर होती. तेथून दप्तरांबरोबर कारकून आले, अधिकारी आले, आणि त्यांच्यासमवेत मराठी संसारही आले. ग्वाल्हेर व इंदूर येथूनही आले. सरकारी वसाहतींत या कुटुंबांची बिऱ्हाडे लागली. त्या पिढीच्या कष्टाळूपणाबद्दल आम्हांस आदर आहे. पण सरकारी घराने आपल्या मनाला एक वाईट सवय लावली, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. घर सरकारचे, तेव्हा खिडकीही सरकारची. तिची बिजागरी ढिली झाली तर अर्ज करावा, आणि अर्जाला उत्तर येईपर्यंत झडपेला सुतळीने बांधून ठेवावे! कोणत्याही खात्याला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आमचा रोख गृहस्थावर आहे. एक स्क्रू पिळणे हे ज्याला आपले काम वाटत नाही, त्याने पुढे स्वतःचे घर बांधले तरी त्या घरातही तो भाडेकरूच राहतो.

आता निदानाकडे वळू. भोपाळचे हवामान लाकडाची परीक्षा पाहणारे आहे. वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, लाकूड आकसते. जूनच्या उत्तरार्धात पाऊस सुरू झाला की तेच लाकूड ओल पिऊन फुगते. ते लांबीत जवळजवळ वाढत नाही; रुंदीत, म्हणजे रेषांच्या आडव्या दिशेने वाढते. श्रावणात झडप अडकते ती यामुळे. गृहस्थ मग सुताराला बोलावतात, सुतार रंधा मारतो, दोन सूत लाकूड जाते आणि खिडकी लोण्यासारखी मिटते. सर्वजण प्रसन्न होतात. पुढच्या वैशाखात त्याच जागी बोट जाईल एवढी फट पडते, तिच्यातून धूळ व झळा आत येतात, आणि मग तेच गृहस्थ "लाकडी खिडकीत काही अर्थ नाही" असा निकाल देतात. अपराध लाकडाचा नव्हे, मुहूर्ताचा आहे. अडकते ती जागा श्रावणात पेन्सिलीने खुणावून ठेवावी, तेवढ्यापुरते मेण किंवा साबण घासावा, आणि रंधा मारायचाच तर कार्तिकात, लाकूड सुकल्यावर, खुणेच्या जागी व हात राखून मारावा.

तरीही रंध्याआधी बिजागरी तपासलीच पाहिजे. साग हे लाकूड इतरांच्या मानाने कमी फुगणारे. म्हणून सागाची झडप अडू लागली की पहिला संशय बिजागरीवर घ्यावा. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की झडप मोकळ्या बाजूने झुकते आणि तिचा खालचा कोपरा चौकटीवर घासतो. अशा वेळी कोपरा तासणे म्हणजे लंगडणाऱ्या माणसाच्या चांगल्या पायाची नखे कापण्यासारखे आहे! स्क्रू काढावा, मोठे झालेले भोक सरसात बुडविलेल्या सागाच्या खुंटीने भरावे, एक रात्र वाळू द्यावे, आणि मग स्क्रू पुन्हा पिळावा. बहुतेक वेळा इतक्याने झडप सरळ होते.

दुसरे कारण तर कोणी पाहतच नाही. रंगारी झडपेची पुढची व मागची बाजू रंगवितो, तिची खालची कड मात्र कोरी सोडतो, कारण ती दिसत नाही. नेमके तेथेच उभ्या पट्ट्यांची टोके उघडी असतात, आणि लाकूड पाणी पिते ते मुख्यतः टोकांनी. पावसाचे थेंब ओघळून याच कडेशी थांबतात. वर्षानुवर्षे वर रंगाचे थर चढतात व खालून लाकूड कुजत जाते. झडप बिजागरीवरून उतरवून खालची व वरची कड तेलाने व रंगाने भरून घ्यावी. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. मात्र जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० हून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असण्याचा संभव मोठा, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरते. पृष्ठभाग ओला करून घासावा, मुलांना दूर ठेवावे, पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.

तावदान खडखडत असेल तर काच बदलण्याचे कारण नाही; खडूची भुकटी व जवसाचे तेल यांची पुट्टी वाळून गळून पडली आहे, एवढाच त्याचा अर्थ. लोखंडी गज गंजून फुगला की चौकट फाटते. गंज खरवडून गज रंगवावा. चौकटीचा पाय वाळवीने खाल्ला असेल तर टोचा खुपसून पाहावा. पोकळ लागेल तेवढा भाग कापून नव्या लाकडाचा सांधा द्यावा व वाळवीचा बंदोबस्त करावा. वीतभर कुजके लाकूड सापडले म्हणून सबंध चौकट भिंतीतून उपटणे हा निव्वळ आळस होय. सागाच्या बाबतीत तर तो अविचारही आहे. सातपुड्यातले सागासाठी नावाजलेले बोरीचे जंगल १८६५ सालीच राखीव करावे लागले होते. तसले जुने, मुरलेले लाकूड भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढताना पाहून आम्हांस खरोखर वाईट वाटते.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ॲल्युमिनियम कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. मान्य. पण दोन रुळांवर सरकणारी खिडकी कधीही अर्ध्याहून अधिक उघडत नाही, हे विकणारा सांगत नाही. दोन्ही झडपा बाहेर फाकणाऱ्या खिडकीइतके भोक भिंतीत कायम राहते आणि वारा मात्र निम्मा येतो. रात्री थंड वारा आत घेऊन दिवसा खिडक्या मिटणे, ही माळव्याच्या उन्हाळ्यातील जुनी युक्ती निम्म्याने लंगडी होते. मग वातानुकूलन यंत्र येते, आणि ते आले की खिडकी कायमची बंद. संस्कृतात खिडकीला वातायन म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. इंग्रजी शब्दाचे मूळही जुन्या नॉर्स भाषेतील "वाऱ्याचा डोळा" या अर्थाच्या शब्दात आहे. ज्या वस्तूचे नावच वाऱ्यावरून पडले, तिला गच्च बंद करून आपण तिला सुधारणा म्हणतो! शिवाय त्या सरकत्या खिडकीलाही दुरुस्ती लागतेच: तिची चाके झिजतात, रबर वाळते, आणि रुळातील पाणी बाहेर जाण्याची छिद्रे धुळीने बुजली की पावसाचे पाणी घरात उतरते. ती छिद्रे काडीने मोकळी करण्याचे कष्टही कोणी घेत नाही.

खिडकी उघडली पाहिजे तशी घट्ट मिटलीही पाहिजे. भोपाळात हे वाक्य सहजपणे लिहिता येत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा आसपासच्या झोपड्यांत राहणाऱ्यांना फटी बुजवून घेण्याचाही आधार नव्हता. घट्ट खिडकीने ते अरिष्ट टळले असते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ज्यांना पक्क्या भिंती व मिटणाऱ्या झडपा लाभल्या आहेत त्यांनी त्या हेळसांडीने घालवाव्या, हे त्या शहरात तरी शोभत नाही.

जे खिडकीचे, तेच घराचे. २०२४ च्या जूनमध्ये भोपाळच्या शिवाजीनगर व तुळशीनगर या जुन्या सरकारी वसाहती पाडून नवी निवासस्थाने बांधण्याची योजना पुढे आली. हजारो झाडे तुटणार म्हणून नागरिक रस्त्यावर आले, झाडांना राख्या बांधल्या गेल्या, आणि तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. झाडांसाठी उठलेल्या या नागरिकांचे आम्ही अभिनंदन करतो. त्यांपैकी किती जणांनी घरी परतल्यावर आपली अडकलेली खिडकी पाहिली, एवढाच आमचा खवचट प्रश्न आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मूळ घरे व कुलदेवतांची स्थाने गोमंतकात आहेत. त्यांना दूरच्या भोपाळचे उदाहरण परके वाटू नये. आपल्या कोंकणीत खिडकीला जनेल म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण त्या जनेलात बसविलेले पातळ, चंद्रप्रकाशासारखा उजेड आत सोडणारे शिंपले आपल्याच खाड्यांतले. लाकडाच्या बारीक पट्ट्यांच्या खाचांत एकेक शिंपला सरकवून ते तावदान बनते. एक फुटला तर एकच बदलायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. दुरुस्ती येथे रचनेतच धरलेली आहे. आज तो शिंपला वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षित आहे, म्हणजे खाडीतून नवे काढता येणार नाहीत. जुने जनेल मोडताना त्यातले शिंपले कचऱ्यात टाकणाऱ्याला आम्ही काय म्हणावे? ते सोडवून, धुऊन, दुसऱ्या जनेलाच्या दुरुस्तीसाठी जपून ठेवणे एवढे तरी सहज शक्य आहे.

देवळांच्या बाबतीत आपण जीर्णोद्धार हा शब्द मोठ्या भक्तीने उच्चारतो. अग्निपुराणात जीर्णोद्धाराच्या विधीला स्वतंत्र अध्याय दिला आहे. परंतु अलीकडे त्या नावाखाली अग्रशाळांच्या लाकडी खिडक्या निघतात, सरकत्या काचा बसतात, आणि देणगीदारांच्या नावाची पाटी लागते. दुरुस्त केलेल्या बिजागरीवर नाव कोरता येत नाही, ही तिची अडचण असावी! ज्या देवस्थानच्या सभेपुढे यंदा खिडक्यांचा विषय येईल, तेथील महाजनांनी समितीकडे दोन अंदाजपत्रके मागावीत: एक नव्या खिडक्यांचे, आणि दुसरे प्रत्येक जुनी झडप उतरवून, तपासून, सांधून पुन्हा बसविण्याचे. दुसरे अंदाजपत्रक सुताराने स्वतः खिडक्या पाहून केलेले असावे, कंत्राटदाराने टेबलाशी बसून नव्हे. ते मिळेपर्यंत एकही चौकट भिंतीतून निघता कामा नये.