गूळ तरी चालेल ना?

दोस्तांनो, समजा, वर्गात कुणाचा तरी वाढदिवस आहे. पेढ्यांचा डबा फिरतोय. एक मुलगा मान हलवून म्हणतो, "मला साखर चालत नाही." लगेच सल्ले सुरू! "अरे, मग गुळाची चिक्की खा." "मध घे, मध तर औषधी!" "एवढ्याशानं काय होतंय?"

थांबा! त्याला बाधते ती फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर. आणि ती फक्त फळांत नसते बरं का.

आपली नेहमीची साखर म्हणजे एक जोडी आहे : निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज. पोटात गेली की जोडी फुटते. खडीसाखर, गूळ, काकवी ही सगळी उसाचीच भावंडं. गुळाचा रंग वेगळा, चव वेगळी, पण त्यात मुख्य ऐवज तोच. आणि मध? 100 ग्रॅम मधात सुमारे 40 ग्रॅम फ्रुक्टोज!

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतातला मका घ्या. मक्याच्या पिठापासून कारखान्यात पाक करतात. 'लिक्विड ग्लुकोज' हा त्यातला एक, त्यात फ्रुक्टोज नसते. पण पुढे प्रक्रिया करून त्यातल्या ग्लुकोजची फ्रुक्टोज बनवली, की 'हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप' तयार. पीक एकच, पाक दोन! बिस्किटांच्या पुड्यावर 'इन्व्हर्ट सिरप' लिहिलेलं असतं. ती फुटलेली साखरच, म्हणजे निम्मी फ्रुक्टोज. 'शुगर-फ्री' गोळ्यांतल्या सॉर्बिटॉलचीही शरीरात फ्रुक्टोज होते. खोकल्याच्या औषधातसुद्धा साखर किंवा सॉर्बिटॉल असू शकतं.

मग त्या मुलानं खायचं काय? ज्वारीची भाकरी आहे, भात आहे. त्यांतल्या पिठाची पोटात ग्लुकोजच होते. साध्या दुधातल्या साखरेतही फ्रुक्टोज नाही. (मधुमेहाचं गणित मात्र अगदी वेगळं. तिथे हा हिशोब लावू नका.)

काहींना फ्रुक्टोज नीट पचत नाही. पोट फुगतं, कळा येतात. त्यांना थोडीशी चालतेही. पण काही थोड्या मुलांच्या यकृतात फ्रुक्टोज पचवणारं विकर जन्मतःच काम करत नाही. 1956 साली लंडनच्या दोन डॉक्टरांनी असा रुग्ण प्रथम नोंदवला. अशा मुलाला उलट्या होतात, रक्तातली साखर एकदम उतरते, यकृताला इजा होते. यांतली बरीच मुलं लहानपणापासून आपणहून गोड टाळतात, म्हणून त्यांचे दात सहसा किडत नाहीत! घरचे मात्र म्हणतात, "फार नखरे याचे!"

तेव्हा आईबाबांनो, मूल दर वेळी गोड खाऊन आजारी पडत असेल, तर रागावू नका, डॉक्टरांना विचारा. आणि दोस्तांनो, कुणी "नको" म्हणालं, तर प्रसादाचा कणसुद्धा बळंच भरवू नका.

या आठवड्याचा उद्योग : घरातल्या तीन पुड्यांवरची यादी वाचा. साखर किती नावांनी लपलीय, ते वहीत लिहून काढा!