इंग्रज म्हणजे नेमके कोण?

ठाण्याहून बाळकुम ओलांडून भिवंडीच्या वाटेला लागले की खाडीपुलापलीकडे कशेळी लागते. आज हे गाव गोदामांच्या रांगांसाठी ओळखले जाते. एके काळी मात्र येथील खाडी ही दोन सत्तांमधील सीमारेषा होती. डिसेंबर 1774 मध्ये कंपनी सरकारने ठाण्याचा किल्ला घेतला. 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी बेट त्यांच्याकडेच राहिले. तेव्हापासून 1817 च्या पुणे तहापर्यंत कशेळीचा काठ पेशव्यांचा आणि समोरचा ठाण्याचा काठ इंग्रजांचा, अशी स्थिती होती. पैलतीरावरचा हा 'इंग्रज' नेमका कोण, हा प्रश्न मात्र मराठी मनाला तेव्हा फारसा पडला नाही आणि आजही पडत नाही.

कशेळीच्या पत्त्यात 'तालुका भिवंडी' लिहावे लागते, कारण राजापूर तालुक्यातही कनकादित्याची कशेळी आहे. गावाच्या नावाबाबत इतके दक्ष असणारे आपण एका संपूर्ण राष्ट्राच्या नावाबाबत कमालीचे बेफिकीर आहोत. एकाच वृत्तपत्राच्या एकाच पानावर इंग्लंड, ब्रिटन, ग्रेट ब्रिटन आणि यूके ही चार नावे समानार्थी म्हणून वावरतात. वस्तुतः इंग्लंड हा त्या राज्याचा केवळ एक घटक आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन होते. त्यात उत्तर आयर्लंड मिळविले की युनायटेड किंगडम, म्हणजे संयुक्त राज्य, तयार होते. वेल्स सोळाव्या शतकातच इंग्लंडला जोडले गेले. स्कॉटलंडशी एकीकरण 1707 साली, तर आयर्लंडशी 1801 साली झाले. पुढे 1922 मध्ये आयर्लंडचा मोठा भाग वेगळा झाला, म्हणून 1927 मध्ये राज्याच्या नावात 'उत्तर आयर्लंड' हा बदल करावा लागला. ज्यांच्या राज्याचे नाव तीनशे वर्षांत इतक्या वेळा बदलले, त्यांच्याविषयी परक्यांचा गोंधळ उडाला तर नवल नाही. पण जुने मराठी कारभारी या बाबतीत अधिक काटेकोर होते, हे विसरता कामा नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांचा उल्लेख सरसकट येत नाही. फिरंगी, इंग्रेज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशी त्यांची वेगवेगळी ओळख दिली आहे. 1674 साली राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर आलेला हेन्री ऑक्झेंडन खरोखरच इंग्रज होता. त्या काळी तो शब्द अचूक होता. 1707 नंतर वस्तुस्थिती बदलली, आपला शब्द मात्र बदलला नाही.

वसईचा तह हे त्याचे ठळक उदाहरण. कशेळीपासून याच खाडीने समुद्राच्या दिशेने गेले की वसई येते. तेथे 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने 'इंग्रजांशी' तह केला, असे शाळेत शिकविले जाते. कंपनीच्या वतीने हा तह करणारा कर्नल बॅरी क्लोज मूळचा आयर्लंडमधील आर्मा परगण्याचा. त्या वेळचा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली याचा जन्म आयर्लंडचाच. आणि पुढच्याच वर्षी, 23 सप्टेंबर 1803 रोजी, असईच्या रणांगणावर मराठी फौजांशी लढलेला त्याचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली हाही तिथलाच. असईला त्याच्या हाताखाली लढलेल्या 74 आणि 78 क्रमांकाच्या पायदळ पलटणी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाच्या होत्या. (वेलस्ली बंधू आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट सरदारवर्गातले. आयरिश शेतकऱ्याने त्यांना आपले मानले असते का, हा वेगळा प्रश्न.) राज्य घेतल्यावर मुंबई इलाख्याचा कारभार प्रथम माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि नंतर जॉन माल्कम या गव्हर्नरांनी चालविला. दोघेही स्कॉटिश. मराठ्यांचा पहिला विस्तृत इंग्रजी इतिहास 1826 मध्ये प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ स्कॉटिश आणि मुंबईत विल्सन महाविद्यालय उभे करणारे डॉ. जॉन विल्सन हेही स्कॉटिश. मग मराठी राज्य बुडविले ते इंग्रजांनी, हे विधान कितपत खरे? सत्ता लंडनची होती, यात शंका नाही. परंतु तिचे हात-पाय बहुतांशी एडिनबर्ग आणि डब्लिनचे होते. स्वतः लंडनच्या वर्चस्वाखाली आलेल्या छोट्या राष्ट्रांतील कर्त्या पुरुषांनी साम्राज्यात आपला वाटा शोधला, ही त्या साम्राज्याची खरी ताकद होती. 'इंग्रज' या एका शब्दाखाली ती झाकली जाते आणि साम्राज्य कसे उभे राहिले, हे कळतच नाही.

भगिनी निवेदितांच्या बाबतीतही हाच घोळ होतो. 1867 साली डंगॅनन येथे जन्मलेल्या मार्गारेट नोबल आयरिश होत्या. त्यांचे जन्मगाव आज उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे संयुक्त राज्यात आहे. त्यांना 'इंग्रज विदुषी' म्हणणे चुकीचेच.

खेळाच्या पानावर तर विनोदच होतो. क्रिकेटचा इंग्लंड संघ इंग्लंड आणि वेल्सचा असतो, स्कॉटलंडचा संघ निराळा. हॉकीत 1948 च्या लंडन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताने 4-0 असे हरविले ते ग्रेट ब्रिटनला, 'इंग्लंडला' नव्हे.

यातील उपरोध असा की, याच ब्रिटिशांनी आपल्याला राष्ट्र म्हणून नाकारले. जॉन स्ट्रेची यांनी 1888 मध्ये भारत नावाचा देश कधी नव्हताच, असे प्रतिपादन केले. चर्चिल यांनी 1931 मध्ये भारताची गणना विषुववृत्तासारख्या निव्वळ भौगोलिक संज्ञेत केली. त्यांच्या स्वतःच्या राज्याचे काय झाले? 2014 च्या सार्वमतात स्कॉटलंडमधील जवळपास 45 टक्के मतदारांनी फुटून निघण्याच्या बाजूने कौल दिला. 2016 मध्ये इंग्लंड आणि वेल्स युरोपीय संघातून बाहेर पडू पाहत होते, तर स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड आत राहू इच्छीत होते.

हा प्रश्न आता आपल्या घरात येऊन पोहोचला आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची तिसरी पिढी आज मोठी होत आहे. त्यांच्या पासपोर्टवर ब्रिटिश नागरिकत्व असते. 'इंग्लिश' नागरिकत्व असे काही अस्तित्वातच नाही. ब्रिटिश हे राज्याचे नाते, इंग्लिश हे मात्र रक्ताचे की जन्माचे, याविषयी तिथे एकमत नाही. साउदॅम्प्टनला जन्मलेले ऋषी सुनक 2022 मध्ये पंतप्रधान झाले. तरीही फेब्रुवारी 2025 मध्ये, हा सावळ्या वर्णाचा हिंदू इंग्लिश कसा, असा सवाल तिथे जाहीरपणे विचारला गेला. सुनक यांनी आपण इंग्लिशच असल्याचे ठामपणे सांगितले. उलट सुएला ब्रेव्हरमन यांनी, ज्यांचे वडील मूळ गोव्याचे आणि केनियातून आलेले, आपण ब्रिटिश आहोत, खऱ्या अर्थाने इंग्लिश कधीच होणार नाही, असे लिहिले. दोघेही तेव्हा एकाच पक्षाचे, शिवाय एकाच पिढीचे आणि दोघांचा जन्मही इंग्लंडमधलाच.

जनगणनेचे आकडे तर आणखी बोलके आहेत. 2011 मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे 58 टक्के लोकांनी स्वतःला केवळ 'इंग्लिश' म्हणविले. 2021 मध्ये हे प्रमाण सुमारे 15 टक्क्यांवर आले आणि 'केवळ ब्रिटिश' म्हणविणारे 19 वरून जवळपास 55 टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत राष्ट्रभावना उलटीपालटी झाली काय? तसे नव्हे. 2011 च्या पत्रकात इंग्लंडमध्ये 'इंग्लिश' हा पर्याय सर्वांत वर होता, 2021 मध्ये ती जागा 'ब्रिटिश' या पर्यायाला दिली गेली. स्कॉटलंडची जनगणना स्वतंत्र, ती 2022 मध्ये झाली. तेथील मराठी कुटुंबांपुढे जे पत्रक आले, त्यात पहिला पर्याय 'स्कॉटिश' हा होता.