संसारचिंतन : एका देहांतील कुटुंब

एका देहांत एकच ‘मी’ नांदतो, ही आपली दृढ समजूत. परंतु आपणांस ‘आम्ही’ म्हणणारीं कांहीं माणसें जगांत आहेत, व त्या ‘आम्हीं’तील प्रत्येकाचें नांव, वय, आवडनिवड व स्मृति निराळी असते. इंग्रजींत अशा समूहास ‘सिस्टिम’ म्हणतात. अमेरिकन मनोवैद्यांनीं १९९४ सालीं या विकारास डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर असें नांव दिलें; सर्वच ‘आम्ही’ त्यास विकार मानीत नाहींत, हें निराळें. वाचकांस येथें अंगांत येण्याची आठवण होईल. ती अगदींच अस्थानीं नाहीं; परंतु समाजमान्य धर्माचारांतील संचारास मनोवैद्य रोग म्हणत नाहींत.

यांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ख्रिस कॉस्टनर सायझमोर या बाईंचें. त्यांचा जन्म १९२७ सालीं अमेरिकेंतील दक्षिण कॅरोलिना प्रांतांत झाला. अजाण वयांत आपण बुडून मेलेल्या माणसाचें प्रेत, आईच्या हाताची भयंकर जखम व गिरणींत करवतीखालीं सांपडलेला मजूर पाहिला, असें त्यांनीं पुढें सांगितलें. लग्न होऊन मूल झाल्यावर डोकेदुखीसाठीं त्या थिगपेन व क्लेक्ली या डॉक्टरांकडे गेल्या, आणि १९५४ सालीं त्या दोघांनीं बाईंचें खरें नांव झांकून त्यांची हकीकत प्रसिद्ध केली.

त्या हकीकतींतील ‘ईव्ह व्हाइट’ शांत, कष्टाळू, लेकीवर जीव टाकणारी. ‘ईव्ह ब्लॅक’ चंचल व नटवी. ती म्हणे, माझें लग्नच झालेलें नाहीं, ही मुलगी माझी नव्हे. ब्लॅकनें उंची वस्त्रें आणावीं आणि नवऱ्याचे बोल व्हाइटनें खावे! ‘मीं हीं घेतलीं नाहींत’ असें ती रडून सांगे, तें तिच्यापुरतें खरेंच होतें. ब्लॅकला व्हाइटचें सारें ठाऊक. व्हाइटला मात्र ब्लॅकचा पत्ताही नव्हता. आपल्याकडील सासवासुना भांडतात, पण निदान एकमेकींस पाहूं तरी शकतात.

असें कां होतें? पुष्कळ वैद्य म्हणतात कीं, ज्यांच्या आधारावर मूल जगतें त्यांच्याच हातून असह्य छळ झाला, तर त्यास पळून जातां येत नाहीं; मग त्याच्या स्मृतीचेच वांटे पडतात. एक भाग भय बाळगीत बसतो, दुसरा शाळेंत येऊन पाढे म्हणतो. (आम्हां शिक्षकांस तो दुसराच तेवढा दिसतो.) कांहीं विद्वान् यांत वैद्याच्या सूचनेचा हात मोठा मानतात, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाहीं.

उग्र वाटणारा भाग पुष्कळदां मूळचा राखणदार असतो. म्हणून त्यास हांकलूं नये, सर्व भागांचा आपसांत संवाद वाढवावा, असें उपचारक सांगतात. त्यासाठीं कित्येक जण सामायिक वहीही ठेवतात. घरच्यांची अडचण निराळी. पति वा पत्नी एकाच लाडक्या भागाशीं सख्य ठेवून दुसऱ्याशीं वैर धरूं लागली, कीं आंतील कलह अधिकच चिघळतो. तसेंच, दिलेलें वचन ज्या भागास आठवत नाहीं, त्यास लबाड म्हणण्यांत न्याय नाहीं. पण मोडलेल्या वचनाचें दुःख घरच्यांस होतेंच, आणि तें त्यांनीं बोलून दाखवावें, असें मला वाटतें.

१९५७ सालच्या चित्रपटांत ईव्ह बरी होते. प्रत्यक्षांत सायझमोर बाई पुढें कित्येक वर्षें झगडत होत्या. नवनवीं व्यक्तिमत्त्वें येत जात होतीं, एकंदर वीसांवर. दुसऱ्या पतीनें त्या काळांत संसार सोडला नाहीं. शेजाऱ्यांस कांहींच ठाऊक नव्हतें. अखेर १९७७ सालीं त्यांनीं स्वतःच्या नांवानें आपलें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि तें लिहितांना नात्यांतील एका बहिणीस बरोबर घेतलें.