रॅम्प हलवला, चढ तोच राहिला

आमच्या सोसायटीच्या दारात तीन पायऱ्या आहेत. एकूण उंची ४५ सेंटिमीटर. आजीला चाकाची खुर्ची आली तेव्हा मी कमिटीकडे रॅम्प मागितला. त्यांनी तो बांधलाही. जमिनीवर मोजला तर जेमतेम १५० सेंटिमीटर. पहिल्याच दिवशी मी आणि वॉचमनकाका खुर्ची ढकलत वर नेत होतो, तेव्हा आजीने डोळे गच्च मिटून घेतले होते. वर पोचल्यावर म्हणाली, "उद्यापासून मला उचलूनच ने रे बाबा."

मी तक्रार केली. कमिटीने तो रॅम्प तोडला आणि त्याच मापाचा दुसरा, सहा मीटर पलीकडे, बाजूच्या दाराला बांधून दिला. प्रश्न सुटला म्हणे!

या कमिटीत दोन इंजिनिअर आहेत. दहावीच्या निर्देशक भूमितीत 'रेषेचा चढ' त्यांनीही काढलाच असणार. पहिला रॅम्प (०, ०) पासून (१५०, ४५) पर्यंत. उभा फरक भागिले आडवा फरक: ०.३. दुसरा (६००, ०) पासून (७५०, ४५) पर्यंत. दोन्ही बिंदू सारखेच सरकले, म्हणून फरक तेच, चढही ०.३ च. चाकाच्या खुर्चीसाठी मान्य प्रमाण आहे १:१२, म्हणजे साधारण ०.०८३. आमचा रॅम्प त्याच्या साडेतीन पटींहून जास्त तीव्र. ४५ सेंटिमीटर चढायला ५४० सेंटिमीटर लांबी हवी. सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळवता येतो.

'गणिताचा आयुष्यात काय उपयोग?' हे मीम मीही फॉरवर्ड केलंय. आता त्याचं हसू येत नाही. पण दोष फक्त मीमवाल्यांचा नाही. वर्गात आपल्याला सूत्र मिळालं, चढ मिळालाच नाही. उत्तर ०.३ आलं की खाली दोन रेघा मारायच्या आणि पुढचं गणित. ०.३ चढावर माणसाचं काय होतं, हे पेपरात कोणी विचारत नाही. उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही, कारण छेदात शून्य येतं, हे मी पाठ केलं होतं. पायरीच्या उभ्या बाजूपुढे आजीची खुर्ची अडली तेव्हा ते मला कळलं.

कुणी म्हणेल, सूत्राचा सराव नको का? हवाच. पण सरावानंतर एकदा तरी टेप घेऊन वर्गाबाहेर जायला हवं.

ते आता तुम्हीच करा. कॉलेज, बँक, दवाखाना, कुठलाही रॅम्प गाठा आणि फोनमधलं लेव्हल अॅप उघडून फोन त्यावर ठेवा. १:१२ म्हणजे सुमारे ४.८ अंश. आमच्याकडे जवळजवळ १७ येतात. आकडा जास्त आला तर फोटो काढून लेखी तक्रार द्या. आणि कुणी 'दुसरीकडे हलवतो' म्हणालं, तर आधी लांबी विचारा.

मी माझी तक्रार पुन्हा दिलीये, या वेळी आकडेमोडीसकट. आजी अजून उचलूनच खाली येते.