पोट साफ केलं म्हणून पोरगं शांत होत नाही

पालकहो, हा लेख थोडा कडक आहे. पण गेल्या काही वर्षांत अतिचंचल मुलांच्या आईवडिलांना जे विकलं जातंय, त्यावर मऊ शब्दांत लिहून भागणार नाही.

विक्री अशी होते. "तुमच्या मुलाच्या मेंदूत काही दोष नाही. त्याच्या आतड्याला सूज आहे. आतडं गळतंय. आधी शौचाची तपासणी करू, मग शंभर-दोनशे पदार्थांची रक्ततपासणी. गहू, दूध, साखर बंद. तीन महिन्यांचं पॅकेज घ्या. गोळी लागणारच नाही." ऐकणाऱ्या आईला हायसं वाटतं. इतके दिवस तिला कुणी म्हणत होतं "तुम्हीच लाडावलंय", कुणी म्हणत होतं "मोबाईलमुळे झालं". आता कुणीतरी तिच्यावरचा दोष काढून पोटावर टाकला. म्हणूनच हे विकलं जातं.

एडीएचडी म्हणजे नेमकं काय?

एडीएचडी म्हणजे अवधान कमी आणि चंचलता जास्त. ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे. लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. फक्त घरी दंगा आणि शाळेत शांत, असं असेल तर कारण दुसरं शोधावं लागतं. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांतून दिसतं, की यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास आहे. रक्ताची, शौचाची किंवा केसांची अशी कुठलीही एक तपासणी नाही, जी एडीएचडी आहे की नाही ते सांगेल. निदान होतं ते मुलाला तपासून, तुमच्याशी बोलून आणि शिक्षकांकडून माहिती घेऊन.

मग पोटाचा काहीच संबंध नाही का?

आहे. पण जो विकला जातो, तो नाही.

"सेरोटोनिन ९० टक्के आतड्यात बनतं" हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं. वाक्य खरं आहे, पण पुढचं अर्धं सांगत नाहीत. आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो.

एडीएचडी असलेल्या मुलांच्या आतड्यातले जंतू इतर मुलांपेक्षा वेगळे असतात, असं काही अभ्यास सांगतात. पण कोणते जंतू कमी आणि कोणते जास्त, यावर त्यांचं एकमत नाही. शिवाय ही मुलं अनेकदा ठराविकच पदार्थ खातात आणि जंतू खाण्याप्रमाणे बदलतात. म्हणजे कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हेच अजून ठरलेलं नाही. त्यावर पॅकेज मात्र ठरलंय!

बद्धकोष्ठतेचंही तसंच. या मुलांत ती जास्त दिसते, कारण खेळ सोडून संडासला जायला ती तयार नसतात. तिच्यावर उपचार जरूर करा. पोट दुखायचं थांबेल, चिडचिड कमी होईल. एडीएचडी जाणार नाही.

आणि 'सूज'?

दमा, इसब, सततची सर्दी हे आजार या मुलांत जास्त आढळतात. नाक बंद असेल, रात्रभर अंग खाजत असेल, तर झोप मोडते. झोप मोडलेलं मूल दिवसा पेंगत नाही, उलट जास्त उड्या मारतं. म्हणून त्या त्या आजाराचा नीट उपचार करा. पण 'शरीरात सूज आहे' असं मोघम सांगून दिलेली पुडी किंवा कॅप्सूल हा उपचार नव्हे.

आपल्या देवळालीला एका शब्दाने सगळं झाकण्याचा अनुभव जुना आहे. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतात, तो शब्द आपल्या गावाचा. पूर्वी तो 'डूलाली टॅप' असा होता आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथल्या छावणीत गोरे शिपाई महिनोन्महिने अडकून पडत. त्यात कुणाला मलेरिया, कुणाला दारू, कुणाला नुसता रिकामपणा, तर कुणाला खरा मानसिक आजार. सगळ्यांना नाव एकच. नाव मिळालं की कारण शोधायचं राहून जातं. 'आतड्याची सूज' हे आजचं तसंच नाव आहे.

ती महागडी रक्ततपासणी

आयजीजी तपासणीत एखादा पदार्थ 'पॉझिटिव्ह' आला, तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच की मूल तो पदार्थ खातं. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी यासाठी वापरू नका, असं स्पष्ट सांगितलंय. २०११ साली लॅन्सेटमध्ये १०० मुलांवरचा आहाराचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मोजकेच पदार्थ दिल्यावर बऱ्याच मुलांत सुधारणा दिसली. पॅकेजवाले तो प्रयोग आनंदाने दाखवतात. पण त्यात पालकांना आहार माहीत होता, त्यामुळे 'सुधारणा दिसते' यात अपेक्षेचाही वाटा असू शकतो. आणि त्याच प्रयोगात आयजीजी जास्त असलेले पदार्थ दिले काय किंवा कमी असलेले दिले काय, लक्षणं परतण्यात फरक पडला नाही. हे ते दाखवत नाहीत.

खरोखर करण्यासारखं काय?

- लोह तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिन्यांची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. लोह कमी असलेलं मूल किरकिरं आणि अस्वस्थ असतं.
- जंतांचं औषध द्या. रात्री गुदद्वाराशी खाज येऊन झोप मोडते, हे कारण साधं आहे आणि उपचार स्वस्त.
- कृत्रिम रंग टाळा. २००७ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात रंग व प्रिझर्व्हेटिव्हच्या मिश्रणाने काही मुलांची चंचलता वाढली. परिणाम लहान होता, तरी युरोपात २०१० पासून अशा सहा रंगांच्या पाकिटांवर इशारा छापावा लागतो. त्यातले चार रंग आपल्याकडे चालतात. पाकिटावर १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे शोधा.
- साखरेला उगाच दोष देऊ नका. साखरेने चंचलता वाढते, हे नियंत्रित प्रयोगांत सिद्ध झालेलं नाही. दात आणि वजनासाठी मात्र ती कमीच बरी.
- गहू मनाने बंद करू नका. सीलिॲकची शंका असेल तर आधी तपासणी करा. गहू सोडल्यावर केलेली तपासणी खोटी 'नॉर्मल' येऊ शकते.

एवढं करूनही लक्षणं राहिली, तर वेळ घालवू नका. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं प्रशिक्षण हा पहिला उपचार. त्यापुढे वर्तनोपचार, शाळेचं सहकार्य आणि गरज असेल तर औषध. या वर्गातलं औषध अशा मुलांना पहिल्यांदा दिलं गेलं ते १९३७ साली. त्याने भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन, उंची, रक्तदाब बघत राहावं लागतं. हे दुष्परिणाम मी लपवत नाही. पॅकेजवाल्याला त्याच्या उपचाराचे विचारा. तो म्हणेल, "काहीच नाहीत."

आहेत. दूध-पोळी बंद झालेलं मूल वाळतं. डब्यात वेगळं खाणारं मूल वर्गात आणखी एकटं पडतं. आणि सगळ्यात मोठा दुष्परिणाम म्हणजे गेलेलं वर्ष. दुसरीतलं मूल चौथीत जातं, रोज ओरडा खातं, रस्त्यावर धावताना पडतं आणि हळूहळू त्याला स्वतःलाच वाटू लागतं, की मी वाईट आहे. ही समजूत कुठल्याही प्रोबायोटिकने निघत नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. निदान कुणी केलं आणि कशावरून? फायदा झाला हे शिक्षकांच्या अहवालावरून ठरवणार, की तुमच्याच कागदावरून? आणि तीन महिन्यांत फरक नाही पडला, तर पुढे काय? तिसऱ्या प्रश्नाला "दुसरं पॅकेज" असं उत्तर आलं, तर उठा आणि मुलाचा हात धरून बाहेर पडा. चालू असलेलं औषध तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.